काकांच्या दुकानाची जिंगल आणि अ‍ॅपला चुकलेला सा

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी लातूरला आमच्या घरी मी कीबोर्ड घेऊन बसले होते. काकांनी जिंगल मागितली होती... त्यांच्या नव्या कापड दुकानासाठी. नायगावात बाजाराच्या दिवशी भोंगा लावलेली रिक्षा फिरणार आणि तिच्यावर हे गाणं वाजणार.

थोडं घरचं सांगते. माझे वडील, म्हणजे अप्पा, आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, या दोघांनी मिळून लातूरचं दुकान इतकी वर्षं चालवलं. अप्पा काकांना रव्या म्हणतात, काका अप्पांना अण्णा. आता काका वेगळे होऊन नायगावला स्वतःचं टाकत होते. भांडणतंटा काही नाही... पण उद्घाटनाचा विषय निघाला की अप्पा म्हणायचे, इथलं दुकान कोण बघणार, तुम्ही जाऊन या.

तर जिंगल. चाल पटकन सुचली. सा रे ग प ध, एवढ्या पाच सुरांत बसणारी, भूप रागाच्या अंगाची, चांगली हसरी. ओळीचा शेवट मी मुद्दाम 'ध'वर लांबवून सोडला, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की अजून काहीतरी पुढं आहे... माझी मीच पाठ थोपटून घेतली.

कॉर्ड्स, म्हणजे चालीखाली धरायचे स्वरांचे जुडगे, शोधत बसायचा मला भारी कंटाळा. म्हणून फोनमधल्या कॉर्ड जनरेटर अ‍ॅपला गाऊन दाखवलं. त्यानं बघता बघता कॉर्ड्स, बेस, ठेका सगळं रचून दिलं. कौतुकाच्या भरात एकदाच ऐकलं आणि घरच्या ग्रुपवर टाकून मोकळी झाले.

काकांना काहीही पाठवलं की लगेच जोडलेले हात आणि फुलं येतात. या वेळी फोनच आला. आवाज गोड आहे, शब्द छान आहेत, असं सगळं म्हणून झालं. मग जरा घुटमळून म्हणाले, "बाई, हे दुकान उघडायचं गाणं हाय का बंद करायचं?"

मी हसले खरी, पण पुन्हा ऐकलं तर... त्यांचं बरोबर होतं. शब्द 'या या, नवं दुकान' असे, आणि ऐकताना रडू यावं. चाल माझी, सूर तेच, मग हे रडू आलं कुठून? मला काही चैन पडेना.

शेवटी पेटी काढली. लहानपणी पेटी शिकवणारे आमचे सर कुठलंही गाणं सुरू करण्याआधी विचारायचे, सा कुठं आहे ते आधी दाखव. मी दाखवला... काळी एक, पेटीची पहिली काळी पट्टी. मग अ‍ॅपनं काय धरलंय ते तपासलं, तर त्यानं माझ्या 'ध'लाच सा मानलं होतं! मी त्या सुरावर इतकी रेंगाळले होते की त्याला वाटलं, हेच हिचं घर. आणि 'ध'ला घर मानलं की त्याच पाच सुरांचा मायनर होतो, सगळा रंगच उदास.

अ‍ॅपमध्ये स्केल, म्हणजे आपला सा कोणता ते, लिहायला एक बारीकसा चौकोन होता, तो मी कधी भरलाच नव्हता. भरला, आणि गाणं लख्ख हसायला लागलं. मग कितीतरी वेळ मी उजव्या हातानं तीच चाल वाजवत होते आणि डाव्या हातानं खालचे कॉर्ड्स बदलून बघत होते... हसरा मेजर, उदास मायनर, पुन्हा मेजर. वरचा एक सूरही न हलवता माणूस हसतो काय, रडतो काय. थिअरी मी परीक्षेपुरती पाठ केली होती, ती कानाला त्या दिवशी कळली.

संध्याकाळी अप्पा आले. त्यांनी पहिलं गाणं दुकानातच ऐकलं होतं. ते विसरा अप्पा, त्यात सा चुकला होता, असं म्हणून मी नवीन लावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, चांगलं झालंय म्हणाले. मग विचारलं, पहिलं पुसलं तर नाही ना?

मी म्हटलं, अहो, पण ते चुकीचं आहे.

"चुकीचं व्हतं व्हय... मला वाटलं, माझ्या मनातलं घरात कुणाला तरी कळलं."

मग मी सांगितलं की काकांनी ते ऐकून काय विचारलं होतं. अप्पा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "रव्यालाबी तसंच वाटतंय म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा आईला म्हणाले, गाडी सांगा, उद्घाटनाला सगळेच जाऊ, त्या दिवशी आपलं दुकान बंद.

उद्घाटनाच्या दिवशी नायगावात रिक्षा फिरत होती, माझं हसरं गाणं भोंग्यावर जोरात चाललं होतं. पूजा आटोपली आणि पहिलं गिऱ्हाईक आलं... एक मावशी, अस्तराचं कापड मागत. काकांनी कात्री उचलली आणि अप्पांच्या हातात दिली. "अण्णा, पहिला कपडा तुमच्या हातानं." अप्पांनी कापड मोजलं आणि चार बोटं जास्तच सोडून कापलं. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हते, आणि दोघांचेही डोळे भरलेले होते.

काकांच्या दुकानाचं गाणं थिअरीमुळं सरळ झालं. पण अप्पा नायगावला आले ते त्या चुकलेल्या गाण्यामुळं... आणि त्यासाठी मी त्या अ‍ॅपची मनापासून आभारी आहे.