हणमंतची नऊ पानं

सिंधूताई झाशीच्या कचेरीत नक्कलनवीस होत्या. एखाद्या निकालाची नाहीतर दस्ताची प्रत कुणाला हवी असली, की मूळ कागद समोर ठेवून तो हातानं उतरवून द्यायचा, हे त्यांचं काम. मुळात चूक असेल तर चुकीसकट उतरवायचं, आपलं शहाणपण मध्ये घालायचं नाही. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं. लग्न राहून गेलं होतं आणि दतिया गेटजवळच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. मी त्यांना चार वर्षं ओळखत होते. त्या चार वर्षांत माझ्याहून जवळची अशी त्यांना एकच होती, कमलिनी. तिचं नाव घेताना आजही माझं डोकं फिरतं.

मी साताऱ्याकडची. आमचे हे पलटणीत, त्यामुळे बहात्तर साली बिऱ्हाड झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत आलं. झाशीत तेव्हा दोन प्रकारची मराठी माणसं होती. एक आम्ही, पलटणीबरोबर येऊन पलटणीबरोबर जाणारे. दुसरे दोनशे वर्षांपूर्वी येऊन इथलेच झालेले. ते मराठी बोलता बोलता कधी हिंदीत घुसत, त्यांचं त्यांनाच कळत नसे, आणि आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसायचो. कमलिनी त्यांच्यातलीच, तिला तर फारच हसायचो. हे आमचं पाप आहे, ते आधीच सांगून टाकते.

या दोन्ही प्रकारच्या माणसांना एकत्र आणणारं होतं ते मराठी मंडळाचं हस्तलिखित. वर्षाला एक अंक, त्याची एकच प्रत. गावातल्या छापखान्यात 'ळ'चे खिळे पुरत नाहीत, असं मंडळाचे अध्यक्ष नानासाहेब सांगत. म्हणून सगळ्यांचं लिखाण सिंधूताई आपल्या मोत्यासारख्या अक्षरात उतरवून काढत आणि प्रत्येक लेखाखाली बारीक अक्षरात लिहीत, 'मुळाबरहुकूम'. मग गणपतीपासून तो अंक घरोघर फिरे. प्रत्येक घरी तीन दिवस. शेवटी कोरी पानं असत, त्यांवर शेरे लिहायचे. शेवटचं घर आमचं, बबीन्याचं. तिथून मी बसनं अंक परत सिंधूताईंकडे पोचवायची. नानासाहेबांचा एक नियम होता. ज्या लिखाणाला एकाही घराचा चांगला शेरा नाही, ते बांधणीआधी काढून टाकायचं. उरेल तो अंक पुठ्ठ्यात बांधून मंडळाच्या कपाटात कायमचा.

त्या अंकात नानासाहेबांची कादंबरी दरवर्षी थोडी थोडी येई. बुंदेलखंडातली एक गढी, तिच्यातली मराठी शिबंदी, शूर किल्लेदार, आणि दारावरचा पहारेकरी हणमंत. या हणमंतनं आतून दार उघडलं आणि गढी पडली. लोकांना त्या कादंबरीचं इतकं वेड, की नानासाहेब थांबले तिथून पुढचं जो तो आपल्या मनानं लिहून देऊ लागला. कुणी किल्लेदाराला मेलेल्यातून उठवून आणखी दोन लढाया जिंकून दिल्या, कुणी त्याच्या लेकीचं लग्न थाटात लावलं. हणमंतला मात्र प्रत्येकानं आपापल्या परीनं मारलं. कुणी कड्यावरून लोटला, कुणी हत्तीच्या पायी दिला. आमच्या घरांत चहाडी करणाऱ्या पोराला 'हणमंत' म्हणायची पद्धत पडली होती.

इतकी वर्षं फक्त उतरवून देणाऱ्या सिंधूताईंनी चौऱ्याहत्तर साली पहिल्यांदा स्वतःचं लिहिलं. नऊ पानं. एका रविवारी दुपारी त्यांनी ती मला आणि कमलिनीला वाचून दाखवली. आम्ही गणपतीसाठी वाती वळत होतो. त्यांच्या गोष्टीत गढीच्या विहिरीला किल्लेदारानं कुलूप घातलं होतं. पाणी फक्त त्याच्या घराला आणि घोड्यांना. आठव्या दिवशी कुंभाराचं लहान मूल आईच्या मांडीवरच दगावलं. तेव्हा हणमंतनं दार उघडलं ते शत्रूसाठी नाही, चाळीस बायकापोरांना ओढ्यावर जाता यावं म्हणून. दार पुन्हा लावायला त्याला वेळ मिळाला नाही. पळून जायची वाट मोकळी असताना तो आत परत गेला. गद्दार म्हणतील हे त्याला ठाऊक होतं.

मी ढसाढसा रडले. "सिंधूताई, शेऱ्यात मी पानभर लिहिते की नाही बघा," असं छातीला हात लावून म्हणाले. कमलिनीनं उठून सिंधूताईंच्या पायांना हात लावला, इथल्या रीतीप्रमाणे. तिला मराठी लिहायला सिंधूताईंनीच शिकवलं होतं. शाळा सगळी हिंदीत झालेली, 'ळ' कधी काढलाच नव्हता. सिंधूताईंच्या लिहायच्या टेबलाशी बसून तिनं तो गिरवला होता, दोन गोल, दुसरा जरा खाली ओढलेला. ती त्यांना जिज्जी म्हणायची, इकडे मोठ्या बहिणीला म्हणतात तसं.

अंक फिरायला लागला आणि नऊ पानांनी अनेकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आमच्याकडे आला तेव्हा शेऱ्यांची पानं भरली होती. 'आपल्याच माणसानं आपल्या किल्लेदाराच्या तोंडाला काळं फासावं?' 'हणमंतचं राहू द्या, लेखिका कोणाच्या बाजूची?' एका घरानंही बरं म्हटलं नव्हतं. सगळ्यांत खाली, बिनसहीचा एक शेरा होता. 'ज्या घरातून एकदा दार उघडलं गेलं, त्या घराला हणमंतचा पुळका यायचाच.' त्याचा अर्थ मला लागला नाही. त्याच्याखाली माझी जागा कोरी होती.

तीन दिवस अंक माझ्याकडे होता. आमचे हे म्हणाले, "आमच्या पलटणीतल्या साहेबांच्या बाईंनीही शेरा लिहिलाय, बघितलंस ना? जपून लिही." मी जपूनच लिहिलं. 'अक्षर फार सुंदर.' खोटं काय होतं त्यात? अक्षर सुंदर होतंच.

अंक परत दिला तेव्हा सिंधूताई कचेरीतून नुकत्याच आल्या होत्या. त्या शेरे वाचत गेल्या आणि त्या बिनसहीच्या ओळीवर थांबल्या. मग बोट 'पुळका'मधल्या 'ळ'वर ठेवलं. दोन गोल, दुसरा खाली ओढलेला.

"हा मी काढायला शिकवलाय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला सांगितलं. बरुआसागरच्या बाजूला एका गढीवर त्यांचे पणजोबा दारावर होते आणि दार त्यांनीच उघडलं, असं त्यांच्या घरात दबक्या आवाजात बोललं जाई. का उघडलं, ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या आजीनं त्या बोलण्यापायी जन्मभर हळदीकुंकवाला जाणं टाळलं. ही गोष्ट सिंधूताईंनी आयुष्यात एकाच माणसाला सांगितली होती, कमलिनीला. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला वाटलं, रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सभेत नानासाहेबांनी शेरे वाचले. माझ्या शेऱ्यापाशी चष्मा वर करून म्हणाले, "हा अक्षराबद्दल आहे, गोष्टीबद्दल नाही." माझ्याकडे बघून थांबलेसुद्धा, मी काही बोलते का म्हणून. मी मूग गिळून बसले. त्यांनी पातं घेऊन नऊ पानं शिवणीपाशी कापली. नियम तो नियम. दुसरी प्रत नव्हतीच, कच्चा कागद सिंधूताई नेहमी चुलीत घालत. कापलेली पानं त्यांनी मागितली नाहीत, आणि कुणी दिलीही नाहीत.

मी बाहेर कमलिनीला गाठलं. तोंडाला येईल ते बोलले. केसानं गळा कापलास म्हटलं. ती रडत होती. "भाभीजी, सब मुझसे पूछ रही थीं, तू कोणाकडची? तुमच्यासारखी मराठी मला येत नाही. तुम्ही हसता माझ्यावर. मला वाटलं, मी असं लिहिलं तर मला आपलं म्हणतील." आणि म्हणालेही. पुढच्या हळदीकुंकवाला तिला पहिल्या रांगेत बसवलं.

दुसऱ्या वर्षी कमलिनीनं गोष्ट दिली. तिच्यात हणमंतची बायकोच त्याचा गळा चिरते. नानासाहेब म्हणाले, "वा! हिला म्हणतात मराठी रक्त." अंक उतरवायचा कोणी? सिंधूताईंनीच. त्या नाही म्हणतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी कागद घेतले.

लिहून झालं त्या दिवशी मी तिथे होते. संध्याकाळी कमलिनी आली. वर्षभरात पहिल्यांदाच. दारात उभी राहून म्हणाली, "जिज्जी, एक बार... मिळवून बघते हं." घाबरली होती. सिंधूताईंनी हणमंतला वाचवला असेल, नाहीतर तिचीच काही फजिती केली असेल, अशी तिला भीती. सिंधूताईंनी मूळ कागद आणि अंक दोन्ही तिच्यापुढे ठेवले. त्याच टेबलावर. ती ओळीवर बोट ठेवून वाचत गेली, इकडे एक ओळ, तिकडे एक ओळ. अर्धा तास लागला. एक काना इकडचा तिकडे झाला नव्हता. खाली लिहिलं होतं, 'मुळाबरहुकूम'.

"जुळलं?" सिंधूताईंनी विचारलं.

"जुळलं, जिज्जी."

"मग ने. यापुढे दुसरं कोणी बघा."

ती गेली. मला संताप आवरेना. "सिंधूताई, हिला जोड्यानं मारायला हवं होतं. ज्या हाताला तुम्ही लिहायला शिकवलं, त्याच हातानं हिनं…"

त्यांनी दौतीचं झाकण घट्ट लावलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"कमलिनीनं निदान गोष्टीवर लिहिलं, वसुंधरा," त्या म्हणाल्या. "एक घर पुरलं असतं. तू तर रडली होतीस."

बबीन्याची बस सुटायला वेळ होता, तरी मी उठले. दारापर्यंत पोचवायला त्या आल्या नाहीत. पुढच्या चैत्रात आमची बदली झाली. मी त्यांना तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. पत्रांत मी त्यांच्या गोष्टीबद्दल पानपान भरून लिहिलं होतं.