गंजानं पुसलेला अंगठा

आटपाट जंगल होतं. धानोऱ्याकडच्या त्या जंगलात एक शाळा, शाळेत खिचडी शिजवायचा मोठा गंज, आन् गंजापाशी माही सून सुमन. किती बी उकरा, गंजाच्या बुडाले खरवड राहतेच. शाळेतल्या गोष्टीचं तसंच. त्यातली थोडी वाढतो.

*

सुमनचं मानधन कागदावर मंजूर, पण कई महिने आलंच नव्हतं. सुमनले दिवस गेलेले. वांदरं छपराचे कवेलू फोडून ठेवत, पाणी थेट खाटेवर गळे. ती म्हणे, "पैसे आले का आधी पत्रे टाकू. माहं लेकरू ओलं नाई राहिलं पायजे."

पोरांच्या आधी खिचडी गुरुजीनं चाखावी, असा नियम. एक दिवस गुरुजीनं घास घेतला आन् तोंड वाकडं केलं.

"सुमनबाई, मीठ नाई!"

"मंजूर झालं हाये, गुरुजी. वरून यायचं हाये!"

गुरुजी अळणीच जेवले.

*

शाळेले शिपाई नाई. घंटा बी सुमनच वाजवे, त्याचा पैसा नाई. एकदा ती तापानं पडली, तिच्या जागी मी रांधाले, तं शाळा सुटेच ना! गुरुजी शिकवण्यात गुंग, पोरं खिडकीतून मले हात करून राह्यले. मी गेली आन् झाऱ्यानंच घंटा बडवली.

"आजी, टाइम झाला का?"

"मले काय माहीत, गुरुजी? माही गाय घरी आली!"

*

मंग तपासणीले एक साहेब आले. कोरे करकरीत कपडे, नाकाले रुमाल.

"बाई, हात नीट धुता ना?"

सुमननं दोन्ही हात पुढं केले. राखेनं गंज घासू घासू तळवे गुळगुळीत झालेले.

"बोटाच्या रेघा धुतल्या गेल्या, साहेब. आखीन किती धुऊ?"

*

सुमनले सातवा महिना लागला, तवा मानधन खात्यात पडलं. आमी दोघी गेलो गावातल्या पैसे काढायच्या दुकानात. सुमननं अंगठा टेकवला. मशीनचा दिवा लालच! मंग सारे बोटं लावून पाहिले.

दुकानदार म्हणे, "वहिनी, मशीन तुमाले ओळखून नाई राह्यली."

सुमन म्हणे, "कशी ओळखीन? माह्या हातची खिचडी खाल्ली काय तिनं?"

पैसे खात्यात, पत्रे पत्र्यावाल्याकडेच राहिले.

*

पोरगी झाली. गोरीपान, आवाज घंटेसारखा! मी सुमनले बजावलं, "सव्वा महिना पाण्यात हात घालाचा नाई. गंज मी घासतो."

सव्वा महिना झाला. पोरीले घेऊन पुन्हा गेलो. सुमननं भीत भीत अंगठा टेकवला. मशीन हिरवी! दुकानदारानं पैसे हातावर ठेवले. सुमन तिथूनच पत्र्यावाल्याकडे निघाली.

म्या म्हटलं, "थांब व, आलोच हाओ तं माहे निराधारचे पैसे बी काढू."

म्या अंगठा टेकवला. मशीन लाल. पुसून टेकवला. लालच!

दुकानदार माह्याकडे पाहे, मी माह्या अंगठ्याकडे.

सुमननं पोरगी माह्या मांडीवर ठेवली.

"आत्याबाई, आता तुमी बसा सव्वा महिना!"