गाऱ्हाणं कुणाच्या नावाने

मी काही लिहावं एवढी माझी लायकी नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. लिहिणं म्हणजे आमच्याकडे मुंबईला धाडायचं कार्ड. चुकलंमाकलं तर माफ करावं. पण त्या शिमग्याला देवानेच पालखी वळवली, असं गावात आता सांगतात. देवाबद्दल माझी काही तक्रार नाही. तरीही मी हे लिहिणार.

देवरूखच्या कॉलेजात सर आम्हाला युरोपातल्या मध्ययुगीन सरदारांच्या प्रेमकथा शिकवत. चिलखत, घोडा, भाल्याला बांधलेला प्रियेचा रुमाल, दिलेला शब्द. शनिवारी घरी जाताना सड्यावरचा कातळ तापलेला असायचा, पायात रबरी चपला असायच्या, पण मी घोड्यावर असायचो. त्यातली एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. बाईवर आळ आला तर कुणी सरदार तिच्या वतीने मैदानात उतरे. तो जिंकला की ती खरी. त्याला सरांनी फळ्यावर मराठी शब्द लिहिला : कैवारी. व्हावं तर हेच, असं मला वाटलं.

संधी घराशेजारीच होती. भावकीतले काका मुंबईत गिरणीत होते, ते वारले. मूलबाळ नाही. पहिला शिमगा दुखवट्यात गेला. दुसऱ्या वर्षी काकीने पालखीची तयारी केली. आमच्याकडे पालखी घरोघर येते, अंगणात पाटावर बसते आणि गुरव कर्त्या पुरुषाचं नाव घेऊन देवाला गाऱ्हाणं घालतो, की या घराला सांभाळ.

"पालखी नेऊ रं," गावाच्या बैठकीत मानकरी म्हणाले, "पन गाऱ्हाणा कोनाच्या नावान घालायचा? घरात बाप्या हाय काय?"

मी उभा राहिलो. "घर तर काकीचं आहे."

"आला बघा वकील!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

मानकऱ्यांनी जरा विचार केला. "बरा. तू पुतण्या लागतोस. तू उभा ऱ्हा पाटाजवल. तुज्या नावान घालू."

मी धावतच काकीकडे गेलो. ती अंगण सारवत होती. ऐकून तिने मानसुद्धा वर केली नाही.

"तुज्या नावान? घर तुजा हाय?"

"तसं नाही काकी, तुझ्या वतीने..."

"माजा तोंड हाय ना मला? यायची तर माज्या नावान येल. नायतर हितनंच हात जोडीन. मोठा आला उभा ऱ्हानारा! शेंबूड पुसलाय तुजा मी."

संध्याकाळी मी वडिलांबरोबर मानकऱ्यांच्या पडवीत गेलो आणि उभा राहणार नाही म्हणून सांगितलं.

"मग पालखी खालच्या वाटेन जाईल, काकीचा घर टालून."

"जाऊ दे."

"तुमच्याकडं पन येनार नाय."

वडील आता मला गप्प करतील असं वाटलं. त्यांनी टोपी उचलली. "पोरगा बोलला तो बोलला," एवढंच म्हणाले आणि पायऱ्या उतरू लागले.

पालखी आमच्या वाडीत यायच्या आत मला परीक्षेसाठी देवरूखला परतावं लागलं. मी सरांना विचारलं, कैवारी हवा का, असं त्या बाईला कुणी विचारायचं का? सर म्हणाले, "कथांत तसं कुठे आलेलं आठवत नाही." पेपरात सरदारांच्या आदर्शांवरच प्रश्न आला. मी लिहिलं, की जिला तोंड आहे तिच्यासाठी लढायला उतरण्याआधी तिला विचारावं, आणि ती नको म्हणाली तर घोड्यावरून उतरावं, हाही शब्द पाळणंच. गुण कापायचे तर कापोत.

शेवटचा पेपर देऊन एसटी स्टँडवर आलो तर वाडीतला एकजण भेटला. पालखीला खांदा देणारा.

"पालखी आली काय रे?"

"तुमच्याकडं नाय थांबली. बापूस पडवीत बिडी ओढत बसला व्हता."

"आणि काकीकडे?"

तो हसायला लागला. "खालच्या वाटेन चाल्लो व्हतो. काकीच्या वळनावर आमी चौघं थांबलो. पाय उचलंना कोन. मानकरी वराडला. आमी म्हटला, पालखी जड झाली, वर जायचा म्हनते. आता देवाला नाय कोन म्हननार?"

काकी पाट मांडून उभीच होती. पालखी बसली. गुरवाने गाऱ्हाण्याला हात जोडले आणि तो अडकला. काकीला सगळा गाव अमक्याची बायको म्हणूनच ओळखत होता.

"इचारलान मग तिलाच, बाई, नाव काय गो तुजा?"

"मग?"

"सांगितलान की! खालच्या वाडीपरत आयकू गेला."

त्याने मला ते नाव सांगितलं. मलाही ते तेव्हाच कळलं.