पहिल्या ओळीतलं नाव

ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून आज जुनं पायथन काढून टाकलं. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरने करायच्या कामांची लिहिलेली यादी; ती वाचून चालवायला नवं पायथन होतंच की! तरी माझी एक स्क्रिप्ट अडून बसली. आपल्याला कोणी चालवायचं हे तिच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं, आणि तिथे पत्ता त्या जुन्याचा होता. शेजारचा निखिल म्हणाला, "ओळ बदल ना, नवं चालवेल." बदलली. चालली. मला मात्र उगीच चुटपुट लागून राहिली.

संध्याकाळी जेवताना बाबा काहीतरी म्हणाले. अर्धांगवायूनंतर त्यांचे शब्द एकमेकांत गुंततात. ते फक्त आईला कळायचे. "अगं, लोणचं हवंय त्यांना," ती वाढता वाढता सांगायची. आई गेल्यापासून आम्ही नुसते अंदाज करतो. मी पाणी पुढे केलं, बायकोने मीठ. बाबांनी नाही म्हणून मान हलवली. ऐकणारे आम्ही दोघं, जीव लावून ऐकणारे, पण त्यांचं बोलणं आमच्यासाठी नव्हतंच कधी.

ते पुन्हा बोलले. त्याआधी त्यांनी आईच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. रोजच पाहतात. त्यांची पहिली ओळ अजून तीच आहे.