पाहुण्याची मुदत

चासिबच्या छतावर एक लोखंडी खांब होता. त्यावर इंटरनेटच्या दोन तबकड्या, एकीचं तोंड अलीकडच्या काठाकडे, दुसरीचं कालव्यापलीकडे. बसऱ्याच्या उत्तरेला, जिथे खजुराच्या बागा खाऱ्या पाण्याने करपत चालल्या आहेत, तिथल्या दोन्ही काठांचं बोलणं या एका खांबावरून चाले. काठ दोन, टोळ्या दोन. एकमेकांच्या सावलीवर विश्वास नसलेल्या त्या माणसांचे फोन चासिबच्या एकाच पेटीशी, त्याच्या राउटरशी, येऊन बांधले जात.

जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनला पेटी इंटरनेटवरचा एक पत्ता देते, त्याशिवाय निरोप येत-जात नाहीत. अर्धी मुदत झाली की फोनने तो पुन्हा मागायचा, नाहीतर मुदत संपली की पेटी काढून घेते. चासिबने या पत्त्यांच्या वाटण्या शेताच्या बांधांसारख्या आखल्या होत्या. अलीकडच्या घरांना एक पट्टा, पलीकडच्या घरांना दुसरा, आणि दोन्ही काठांच्या मुधीफांना, म्हणजे बोरूच्या कमानींच्या पाहुणेघरांना, पन्नास-पन्नास पत्त्यांचे छोटे पट्टे. मुधीफची मुदत ठरवताना तो बराच वेळ चहाचा पेला हातात धरून बसला. येत्या-जात्या माणसांची जागा ती, तिथे तासाभराची मुदत पुरते हे त्याला ठाऊक होतं. पण पाहुण्याला तीन दिवस आणि वर एक तृतीयांश दिवस ‘कशाला आलास’ असं विचारायचं नाही, हा तिथला रिवाज. तासाभरात पाहुण्याच्या हातातून काही काढून घेणारी पेटी त्याला आपल्या छताखाली नको होती. त्याने तीन दिवस आठ तास भरले, आणि ही गोष्ट तो चारचौघांत छाती फुगवून सांगे.

मग पलीकडच्या शरहानची म्हैस चासिबच्या भेंडीत शिरली. चासिबचा धाकटा भाऊ फदाला तिला हाकलायला गेला, तेव्हा शरहानच्या मुलाने, नईमने, त्याच्या तोंडावर काठी हाणली. फदालाने घरातून बंदूक आणली आणि नईमच्या पोटात गोळ्या घातल्या. पोरगा कालव्याच्या पायरीवर पडला, आतडी हातांनी आवरत आईला हाका मारत राहिला, आणि हाका थांबल्या तशा दोन्ही काठांवरून बंदुका सुरू झाल्या. मोबाईलच्या टॉवरची चाळण झाली, आता निरोपांना वाट उरली ती चासिबच्या खांबाचीच. भाकरी भाजत बसलेली एक म्हातारी तंदूरवरच ओणवी पडली. जळका वास येईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

दोन्ही काठ ज्याचा हात डोळ्यांना लावतात त्या सय्यद मोहानने अतवा मिळवली. अतवा म्हणजे मेलेल्याच्या घरातल्या कर्त्याने दिलेली शांततेची मुदत. शरहान मुलाला पुरायला नजफच्या पवित्र दफनभूमीकडे निघाला होता. तो परत येईल त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत बंदुका गप्प राहतील, एवढंच त्याने कबूल केलं.

तो नजफला चार दिवस राहिला. इकडे त्याच्या मुधीफमध्ये लांबलांबचे लोक सांत्वनाला आले, कडू कॉफी प्यायले, गेले. त्यांच्या फोनांनी घेतलेले पत्ते मात्र रिवाजाप्रमाणे त्यांच्याच नावावर राहिले.

शरहान परतला त्या दुपारी सय्यद थोरामोठ्यांना घेऊन निघाला आणि वाटेत लष्कराच्या नाक्यावर अडकला. त्याने शरहानला आणि चासिबला फोनवर आपल्या आवाजात निरोप पाठवला: मी येतोय, माझ्या पगडीखातर मी पोचेपर्यंत अतवा वाढव. चासिबला तो मिळाला. शरहानला मिळाला नाही. आणि खुन्याच्या भावाने पुढे धाडलेला आवाज पलीकडे कोण खरा मानणार?

फदाला कोपऱ्यात बसून होता. त्याची बंदूक चासिबने कुलपात टाकली होती.

“दादा, बंदूक दे. मेंढरासारखा मरणार नाही मी.”

“त्या बंदुकीनेच इथवर आणलंय. गप बस.”

“मग तुझी पेटी वाचवणार का मला?”

सूर्य बुडाला. पहिली फैर छतावरच्या पाण्याच्या टाकीत घुसली आणि जिन्यावरून पाणी धो धो कोसळायला लागलं. दुसरीने खिडकी चौकटीसकट आत आणली. चासिब काचांवर पालथा पडून लॅपटॉपवर शरहानच्या मुधीफचा पट्टा पाहत होता. पन्नासच्या पन्नास पत्ते गेलेले. कोण अमाराचा, कोण नासिरियाचा, केव्हाच घरी पोचलेली माणसं. मुधीफचा धनी म्हणून शरहानचा फोनही याच पट्ट्यावर चाले, पण त्याचं नाव कुठेच नव्हतं. चार दिवसांत त्याची मुदत संपली, त्याच्या जागी पाहुणा बसला, आणि घरचा धनी आपल्याच दारात उभा राहिला.

चासिबने सगळा पट्टा पुसला, मुदत तासाभराची केली, पेटी बंद करून चालू केली. पेटी आपल्याच चालीने उठत होती, तिचे दिवे मिचमिचत होते, भिंतीतून गोळ्या येत होत्या. तेवढ्यात फदाला उठला.

“त्यांना मीच हवाय, दादा. तुझ्या पोरांच्या अंगावर भिंत पडेल.”

चासिबने त्याचा पाय धरला, पण तो ओला पाय हातातून सुटला. रिकामे हात वर करून फदाला फाटकाबाहेर गेला. एका गोळीने त्याचा जबडा नेला, दुसरीने गळा.

मग शरहानच्या फोनला पत्ता मिळाला, आणि अडकलेला सय्यदचा आवाज पोचला. पलीकडच्या बंदुका एकेक करत थांबल्या.

सकाळी सय्यद चासिबच्या मुधीफमध्ये बसला होता. आता अतवा द्यायची पाळी चासिबची होती, आणि त्याच्या टोळीतल्या कुणालाच ती द्यायची नव्हती.

“किती दिवसांची देतोस?” सय्यदने विचारलं.

“एका दिवसाची. अर्धा दिवस झाला की शरहानने स्वतः येऊन पुन्हा मागायची. रोज.”

“अतवा आहे की तुझं इंटरनेट?” मागून कुणीतरी टोमणा मारला.

“आणि तो नाही आला तर?” सय्यदने विचारलं.

“तर मुदत संपली.”

दुपारी शरहान एकटा पुलावरून आला. फदालाचं रक्त फाटकापाशी अजून धुतलेलं नव्हतं, त्याला वळसा घालून तो आत येऊन बसला. त्याच्यासमोर कॉफी ठेवली गेली. त्याने पेल्याला हात लावला नाही. मागणं घेऊन आलेला माणूस ते मान्य झाल्याशिवाय पीत नाही.

कॉफी निवली.

“दिली,” चासिब म्हणाला. “पी आता.”