पूजेतला कॉम्प्युटर

जठारपेठेतल्या आमच्या क्लासात एक सर होते. त्यांचं नाव मी लक्षात ठेवलं नाही, तेवढी त्यांची लायकीही नव्हती. त्या वर्षांत बार्शीटाकळीकडचे बाप पोरांना एकच सांगत, "कापसाच्या नादी लागू नका, कॉम्प्युटर शिका." म्हणून आम्ही एसटीने रोज शहरात मरायला जायचो.

सर यूएसबी कंट्रोलरची रजिस्टरं शिकवायचे. रजिस्टर म्हणजे कंट्रोलरला हुकूम द्यायचे कप्पे. फळ्यावर पट्टी लावून ते चौकोन आखायचे, बोटांवरचा खडू फुंकायचे आणि कुठल्या बिटाने पोर्टला वीज मिळते ते डोळे मिटून स्तोत्रासारखं म्हणायचे. क्लासातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरला मात्र कुणाला हात लावू देत नसत. त्याची दसऱ्याला पूजा व्हायची, बस.

दसरा झाल्यावर एका पोरीला प्रोजेक्ट दाखवायचा होता. हट्टाने तिने त्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावला. तो काही केल्या चालेना.

"पॉवरचा बिट शून्य असन," म्हणत सर फळ्याकडे वळले आणि चौकोन आखू लागले.

पोरीने पेन ड्राइव्ह काढून वाकून पोर्टात पाहिलं.

"सर, रजिस्टर राहू द्या. याच्यात कुंकू वाळून बसलं हाय. तुमीच पूजेत लावलं व्हतं."

सरांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"थे पेपरात येत नाही. बस खाली."

त्या वर्षी पेपरात रजिस्टरंही आली नाहीत.