अण्णांची सही आणि मोडेमचं कार्ड

चष्मा, रिपोर्टच्या झेरॉक्स, थर्मास, टॉवेल, लॅपटॉप, फोनची वायर. सांगलीला निघताना केलेली ही यादी माझ्या जुन्या वहीत अजून आहे. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी साताऱ्यात एका ऑफिसात काम करत होते आणि घरचं असो की ऑफिसचं, काम कागदावर उतरलं की निम्मं झालं असं समजत होते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून निवृत्त होऊन कोरेगावात राहिलेले. शुगरमुळं त्यांच्या डाव्या पायाची बोटं काळी पडली आणि काळेपणा वर चढू लागला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगलीला पाठवलं. तिथले डॉक्टर दुपारी तपासून स्पष्ट बोलले, "गुडघ्याखालून काढावा लागेल. उद्या संध्याकाळपर्यंत ठरवा. त्यानंतर गुडघाही वाचणार नाही आणि तेही वाचतील असं मी सांगू शकत नाही."

मी संमतीचा कागद अण्णांपुढे धरला. त्यांनी तो परत माझ्याकडे सरकवला.

"थोरल्याला इचार. त्यो व्हय म्हनला तर मी सही करतो."

"अण्णा, मी आहे ना इथं."

"तू हाईस गं. तू हाईस म्हनून तर तुला इचारायला सांगतोय."

थोरला म्हणजे दादा, अमेरिकेत नोकरीला. दवाखान्यासमोरच्या एसटीडी बूथवरून मी त्याला फोन लावला. कामासाठी तो गावोगाव फिरत होता आणि पुढचे दोन दिवस फोनवर सापडणार नव्हता. म्हणाला, "तोंडी ऐकून मी काय सांगू? सगळा रिपोर्ट टाइप करून मेल कर. माझा एक मित्र डॉक्टर आहे, त्याला विचारतो. मेल मी कुठंही बघतो."

लॅपटॉप त्याचाच होता, जुना, दोन वर्षांपूर्वी मला दिलेला. त्याच्या कडेला एक फट होती आणि तिच्यात पत्त्याएवढं एक कार्ड बसायचं. तेच मोडेम. कार्डाला फोनची वायर जोडायची आणि इंटरनेटसाठी पुण्याचा नंबर लावायचा. दादाची पत्रं त्यातूनच यायची, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. मी ती छापून कोरेगावला न्यायचे. अण्णा पलटणीत रोमन वाचायला शिकले होते. ते कागद माझ्या हातून घेऊन स्वतःच मोठ्यानं वाचायचे. मी वाचून दाखवलेलं त्यांना चालायचं नाही.

बूथचा मालक साधारण माझ्याच वयाचा, एका पायाचा. कुबडी काचेला टेकवून बसलेला असायचा. त्यानं आढेवेढे न घेता फोनची वायर काढून दिली. मोडेमनं शिट्टी घातली, घरघर केली, लाइन जोडली गेली, आणि रिपोर्ट अर्ध्यावर असताना तुटली. पुन्हा लावली. पुन्हा तुटली.

"बाई, तुमचं यंत्र गार्डावानी नुसतं शिट्टी मारतंय," तो म्हणाला. "गाडी काय हलंना."

मी वहीत नवीन यादी केली. वायर बदलली. त्याच्या दुसऱ्या लाइनवर लावून पाहिलं. दवाखान्याच्या कचेरीत हातापाया पडून तिथल्या फोनवर पाहिलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. एकेका ओळीवर काट मारत गेले आणि सहा वाजता एकच ओळ उरली. कार्ड बोटानं दाबून धरलं की लाइन जरा जास्त टिकत होती. दोष कार्डातच होता.

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी कॉम्प्युटरवाल्याच्या पायरीवर उभी होते. त्यानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "ताई, ही मोठ्या कॉम्प्युटरची कार्डं आहेत माझ्याकडं. असलं बारीक पुण्याहून मागवावं लागेल. परवा येईल."

"आज संध्याकाळपर्यंत पाहिजे. वडिलांचा पाय आहे."

पायाचा आणि कार्डाचा संबंध त्याला कळला असेल असं वाटत नाही, पण माझं तोंड त्यानं पाहिलं. एका साखर कारखान्याचा लॅपटॉप पडदा फुटून त्याच्याकडे पडून होता. त्यानं फोन करून परवानगी घेतली आणि त्यातलं कार्ड काढलं. जुनं बाहेर, नवं आत. फ्लॉपीवरून त्याचा प्रोग्रॅम टाकला. सगळं मिळून पाव तास. बूथवर येऊन नंबर लावला, तर लाइन तुटली नाही. रिपोर्ट गेला. मी वहीत एवढी मोठी खूण केली की पेन कागदाच्या आरपार गेलं.

आता काही करण्यासारखं उरलं नव्हतं. दर तासाला मी बूथवर जाऊन मेल पाहत होते. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, "काय ठरलं?" अण्णा छताकडं पाहत पडून होते.

बूथवाल्याला न राहवून विचारलं, "तुमचा पाय कशानं गेला?"

"कराडच्या म्होरं ट्रकनं. सुदीवर आलो तवा पाय न्हवताच." त्यानं बिलाचं यंत्र पुसलं. "कुनी इचारलं न्हाई त्येच बरं झालं. इचारलं असतं तर आजून न्हाई न्हाई म्हनत तितंच पडलो असतो."

चार वाजता दादाचं उत्तर आलं. चार ओळी. मित्राला फोन केला, पेशंट न पाहता तो काही सांगू शकत नाही. मला इथून काही कळत नाही. तू तिथं आहेस, तुला योग्य वाटेल ते कर. अण्णांना सांभाळ.

मी ते तीनदा वाचलं. कार्ड उत्तम चालत होतं.

लॅपटॉप उघडाच हातावर धरून रस्ता ओलांडला आणि अण्णांच्या खाटेशेजारच्या कपाटावर ठेवला. पडदा निम्मा माझ्याकडं, निम्मा त्यांच्याकडं.

"आलं व्हय? काय म्हनतो?"

"म्हणतो, डॉक्टर सांगतात तसं करा. उशीर करू नका."

"पुन्यांदा वाच."

"उशीर करू नका. डॉक्टर सांगतात तसंच करा." आधीच्यापेक्षा शब्द मागंपुढं झाले, हे बोलताना माझं मलाच कळलं.

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं. त्यांचा हात उशीजवळ गेला. चष्म्याचं घर तिथंच होतं, मीच ठेवलेलं. हात त्याच्यावर थोडा वेळ राहिला. मी पडदा मिटू शकले असते. मिटला नाही.

"दे त्यो कागद," ते म्हणाले. चष्मा घरातच राहिला. "सई कुटं करायची तितं बोट ठेव. मला दिसत न्हाई."

मी बोट ठेवलं. त्यांनी पेनाचं टोक माझ्या नखाला टेकवलं आणि तिथून सही सुरू केली.